यंत्रलिखित मजकूर आणि शोधयंत्रांतील दृश्यता

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' हे लेखनसाधन सर्वसामान्यांच्या हाती आले. तेव्हापासून नवे संकेतस्थळ उघडू पाहणाऱ्या व्यक्ती व संस्था ह्यांच्यापुढे एक मोठे प्रलोभन उभे राहिले आहे. पूर्वी ज्या लेखास आठवडा लागे, तेवढ्या लांबीचा मजकूर आता एका मिनिटात मिळतो. तो दर्शनी शुद्ध असतो, आणि कोणत्याही विषयावर मागितला तरी नकार येत नाही. यास्तव पाचपन्नास लेख एकदम प्रसिद्ध केले तर शोधयंत्रांत आपले नाव लवकर वर येईल, असा हिशेब कित्येकजण मांडतात. विद्यापीठांचे विभागही ह्यास अपवाद नाहीत. विभागाचे संकेतस्थळ रिकामे दिसू नये म्हणून परिचयपर लेख यंत्राकडून लिहवून घ्यावेत, ही सूचना अनेक बैठकींतून आता उघडपणे होऊ लागली आहे.

ह्या सूचनेचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. असा मजकूर शोधयंत्रांत खरोखर वर येतो काय, हे पहिले अंग होय. दुसरे अंग असे की मराठीसारख्या, आंतरजालावर तुलनेने अल्प मजकूर असलेल्या भाषेत अशा लेखनाची भर पडत गेली, तर त्या भाषेच्या लिखित संचिताचे काय होते. पहिला प्रश्न सर्वत्र विचारला जातो, दुसरा क्वचितच. वस्तुतः दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणाहून निघतात, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन अमूर्त होऊ नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत जवळ ठेवू. महाराष्ट्रातील बारवांविषयी एक नवे संकेतस्थळ काढावयाचे आहे, असे समजावे.

१

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम दुव्यांवरून दुव्यांवर जात पृष्ठे गोळा करतो. त्या पृष्ठांतील शब्दांची सूची तयार होते. आणि वाचकाने प्रश्न टाकला की सूचीतून निघालेली पृष्ठे विशिष्ट क्रमाने मांडली जातात. ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीहून ह्यात तत्त्वतः निराळे काही नाही. अडचण आहे ती क्रम लावण्याची.

लेखातील महत्त्वाचे शब्द कोणते, हे त्यांच्या वारंवारतेवरून ओळखता येईल, ही कल्पना हान्स पीटर लून ह्यांनी १९५८ साली मांडली. पण नुसती वारंवारता फसवी असते. मराठी लेखात 'आहे', 'आणि', 'ह्या' हेच शब्द सर्वांत अधिक असावयाचे. कॅरेन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ साली दाखवून दिले की एखादा शब्द संपूर्ण संग्रहातील जितक्या कमी लेखांत येतो, तितके त्याचे मोल अधिक धरावयास हवे. पुढे रूढ झालेल्या सूत्रात एकूण लेखसंख्येस त्या शब्दाच्या लेखसंख्येने भागून भागाकाराचा लॉगरिदम घेतात. आपल्या उदाहरणात दहा हजार लेखांचा संग्रह असून 'पाणी' हा शब्द त्यांपैकी पाच हजारांत आला असेल, तर त्याचे वजन ०.३० भरते. 'थारोळे' (मोटेचे पाणी ज्या दगडी कुंडीत ओतले जाते ती जागा) हा शब्द केवळ दहा लेखांत असेल, तर त्याचे वजन ३ होते. एका शब्दाचे मोल दुसऱ्याच्या दसपट.

म्हणून कोणी 'थारोळे' हा शब्द पन्नास वेळा लिहिला तर काय होईल? ह्याचाही बंदोबस्त झालेला आहे. १९९४ च्या सुमारास रॉबर्टसन व त्यांचे सहकारी ह्यांनी सिद्ध केलेल्या 'बीएम२५' ह्या सूत्रात पुनरुक्तीचे फळ झपाट्याने घटत जाते. नेहमीचे स्थिरांक घेतल्यास, सरासरी लांबीच्या लेखात शब्द एकदा आला तर १ गुण, दोनदा आला तर १.३८, दहादा आला तर १.९६, आणि तो कितीही वेळा घातला तरी गुण २.२ च्या वर जात नाहीत. "मुख्य शब्दाचे शेकडा प्रमाण इतके असावे" असे जे सल्ले आजही छातीठोकपणे दिले जातात, त्यांची किंमत वाचकांनी ह्यावरून ठरवावी. गूगलची प्रत्यक्ष गणनरीती प्रसिद्ध नाही, आणि ती ह्या पाठ्यपुस्तकी सूत्रांहून कितीतरी गुंतागुंतीची आहे. परंतु पुनरुक्तीस तिने अधिक उदार असावे असे मानण्यास काही आधार नाही. पृष्ठाच्या शिरोभागी दडवून ठेवलेल्या मुख्य शब्दांच्या यादीकडे आपण क्रम लावताना पाहत नाही, हे तर गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते.

शब्दांपलीकडचा दुसरा आधार म्हणजे दुवे. संशोधकांस ही कल्पना परकी वाटू नये. कोणता निबंध कोणी उद्धृत केला ह्याची पद्धतशीर सूची युजीन गारफील्ड ह्यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि उद्धरणांच्या संख्येवरून निबंधाचे वजन जोखण्याची सवय विद्याक्षेत्रास लागली. सर्गेई ब्रिन व लॅरी पेज ह्यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात हीच दृष्टी संकेतपृष्ठांस लावली. मात्र त्यांनी नुसती दुव्यांची संख्या न मोजता, दुवा देणाऱ्याचे स्वतःचे वजन हिशेबात धरले. पुरातत्त्वाच्या एखाद्या जाणत्या संस्थेने आपल्या बारवेच्या पृष्ठाकडे दिलेला एक दुवा शंभर अनोळखी पृष्ठांच्या दुव्यांस भारी ठरतो, तो ह्यामुळे. नव्या संकेतस्थळाची खरी अडचणही येथेच आहे. त्याच्याकडे कोणी बोट दाखविलेले नसते. आणि लेखांची संख्या वाढवून ते बोट उत्पन्न होत नाही.

२

जेथे क्रम असतो तेथे क्रम चोरण्याची विद्याही असते. मजकुराचे कारखाने काढून स्वस्तात हजारो लेख लिहवून घेण्याचा धंदा २०१० च्या आसपास भरभराटीस आला होता. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेरबदलाने त्यास आळा घातला, व एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' फेरबदलाने विकत घेतलेल्या दुव्यांकडे मोर्चा वळविला. हे कारखाने माणसे चालवीत होती, यंत्रे नव्हेत, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. थोडक्यात, आज आपणांस नवा वाटणारा प्रश्न दहा-बारा वर्षे आधी मानवी हस्ताक्षरात येऊन गेला होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने यंत्रलिखित मजकुराविषयी आपले धोरण स्पष्ट केले. मजकूर कसा तयार झाला ह्यापेक्षा तो कितपत उपयुक्त व विश्वसनीय आहे हे पाहिले जाईल. मात्र क्रम वर नेणे हाच ज्याचा मुख्य हेतू, अशा स्वयंचलित लेखनास नियमभंग मानले जाईल, असा त्याचा आशय होता. मार्च २०२४ मध्ये ह्यास आणखी धार आली. वाचकांस उपयोग न होता केवळ क्रमासाठी घाऊक प्रमाणात पृष्ठे निर्माण करणे हा स्वतंत्र दोष ठरविण्यात आला, आणि ती पृष्ठे यंत्राने लिहिली, माणसाने लिहिली की दोघांनी मिळून, ह्याने फरक पडत नाही असे सांगण्यात आले. ह्यावरून दोन परस्परविरुद्ध गैरसमज दूर व्हावेत. यंत्राचा स्पर्श झाला की पृष्ठ बाद होते, हे खरे नाही. आणि यंत्रास मुभा आहे म्हणून पन्नास लेख एकदम टाकावेत, हेही खरे नाही. शिवाय क्रॉलर पृष्ठापर्यंत पोहोचला म्हणजे ते सूचीत आलेच असे नव्हे. पाहिलेले परंतु सूचीत न घेतलेले पृष्ठ, असा एक स्वतंत्र शेरा गूगलच्या 'सर्च कन्सोल' ह्या साधनात दिसतो, आणि नव्या संकेतस्थळांच्या चालकांस त्याचा परिचय लवकरच होतो.

यंत्रलिखित मजकूर ओळखून काढणाऱ्या साधनांविषयी येथेच दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण काही मार्गदर्शक त्यांचा उपयोग विद्यार्थ्यांच्या निबंधांवर करू लागले आहेत. चॅटजीपीटीच्या निर्मात्या 'ओपनएआय' ह्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले व अचूकता अपुरी असल्याचे सांगून त्याच वर्षीच्या जुलैत ते मागे घेतले. स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांवर ती चालविली असता, सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरविले गेले. मर्यादित शब्दसंग्रहातून जपून लिहिलेली वाक्ये ह्या साधनांस यंत्राची वाटतात. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची शैली नेमकी हीच असते. अशा साधनाच्या निर्णयावरून कोणास दोषी ठरविणे अन्यायाचे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

३

आता लेखनयंत्राकडे वळू. आजची भाषाप्रतिमाने ज्या 'ट्रान्सफॉर्मर' रचनेवर उभी आहेत, ती २०१७ साली मांडली गेली. तपशील बाजूस ठेवला तर प्रतिमानाचे मूळ काम एवढेच आहे: आधीचे शब्दखंड पाहून पुढचा शब्दखंड कोणता येण्याचा संभव किती, हे सांगणे. अफाट मजकूर वाचून त्याने ही संभाव्यता आत्मसात केलेली असते, आणि लिहिताना ते बहुधा अधिक संभाव्य वाटेने जाते. ही निवड काहीशी सैल ठेवण्याची सोय असते हे खरे; पण सैल ठेवल्याने ज्ञान वाढत नाही, वाक्ये भरकटू लागतात एवढेच.

येथे एक विरोध दिसून येतो, व माझ्या मते सर्व विवेचनाचा कणा तोच आहे. शोधयंत्राची घडण विरळ शब्दास मोल देणारी आहे; लेखनयंत्राची घडण संभाव्य शब्दाकडे ओढ घेणारी आहे. बारवांवर लेख मागितला असता "बारवा ह्या महाराष्ट्राच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे प्रतीक असून त्या आपल्या पूर्वजांच्या दूरदृष्टीची साक्ष देतात" अशा धर्तीचे वाक्य हमखास मिळते. ह्या वाक्यातील 'बारवा' काढून तेथे 'लेणी' घाला, 'किल्ले' घाला, 'पैठणी' घाला. लिंगवचनाची किरकोळ दुरुस्ती केली की वाक्य जसेच्या तसे उभे राहते. नाव बदलूनही जे वाक्य ढळत नाही, ते त्या विषयावर काहीच सांगत नाही, अशी एक साधी कसोटी संपादकांनी जवळ बाळगावी. माणसांच्या लेखनासही ती लावून पाहावी. आपल्याकडील कित्येक गौरवग्रंथांची पाने तिच्यापुढे टिकणार नाहीत.

उलटपक्षी, साताऱ्याजवळच्या लिंब येथील विहिरीस 'बारामोटेची विहीर' का म्हणतात, तिच्यावर बारा मोटा कोणत्या बाजूंनी कशा चालत, बैलांच्या धावेची लांबी किती, थारोळ्यातून निघालेला पाट कोणीकडे जाई, कोरीव लेखातील कोणते अक्षर झिजले आहे, चैत्र-वैशाखात पाणी किती पायऱ्या खाली जाते, हे लिहिण्यास तेथे जाऊन उभे राहावे लागते. टेप लावावी लागते. गावातल्या म्हाताऱ्या माणसास विचारावे लागते. आणि असे लिहिलेले एक पृष्ठ आंतरजालावरील इतर कोणत्याही पृष्ठाशी स्पर्धा करीत नाही, कारण 'लिंब', 'धाव', 'थारोळे' हे शब्द एकत्र शोधणाऱ्या वाचकास देण्याजोगे दुसरे फारसे काही शोधयंत्राजवळ नसते. गूगलने आपल्या परीक्षकांसाठी केलेल्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार व विश्वास ह्यांच्या जोडीस 'प्रत्यक्ष अनुभव' हाही निकष घातला. (ह्या परीक्षकांच्या गुणांवरून एखाद्या पृष्ठाचा क्रम थेट ठरत नाही, गणनरीती नीट चालते की नाही हे तपासण्यास त्यांचा उपयोग होतो.)

यंत्राच्या मजकुरात चुका किती, हा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवला आहे; कारण चूक सापडते, दुरुस्त करता येते. पण संदर्भांविषयी सावध करणे भाग आहे. संभाव्य दिसणारा ग्रंथकार, संभाव्य दिसणारे शीर्षक व संभाव्य दिसणारे साल एकत्र आले की एक अस्तित्वात नसलेला ग्रंथ तयार होतो. न्यूयॉर्क येथील दोन वकिलांनी असे यंत्रकल्पित निवाडे न्यायालयापुढे ठेवले, आणि जून २०२३ मध्ये त्यांस व त्यांच्या पेढीस मिळून पाच हजार डॉलर दंड झाला. संशोधकास दंड होत नाही. त्याचा निबंध दुसऱ्या कोणीतरी उद्धृत करतो, आणि नसलेला ग्रंथ दोन ठिकाणी दिसू लागतो.

४

मराठीच्या बाबतीत प्रश्न आणखी खोल जातो. प्रथम शोधाचीच गोष्ट घेऊ. इंग्रजीत शब्दाचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढण्याची पोर्टर ह्यांची रीत १९८० पासून प्रचारात आहे, आणि स्थूलमानाने ती काम भागवते. मराठीत सामान्यरूप आडवे येते. 'विहीर' ह्या शब्दाचे 'विहिरीत' झाले असता 'त' हा प्रत्यय काढून 'विहिरी' उरते. पुढचा ईकार काढला तरी 'विहिर' हाती येते, 'विहीर' नव्हे, कारण मधला स्वरच ऱ्हस्व झालेला असतो. 'बारव', 'बारवेत', 'बारवेच्या', 'बारवांमधील' ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे यंत्रास वेगळे शिकवावे लागते. गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये 'बर्ट' हे प्रतिमान मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांतील शोधास लावले, तेव्हापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली. तथापि ग्रंथालयांच्या व विभागांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जी शोधाची चौकट असते ती सामान्यतः अक्षरशः जुळणी करणारीच असते, आणि 'विहीर' शोधणाऱ्यास ती 'विहिरीत' दाखवीत नाही.

ह्यात लेखनपद्धतीची भर. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वीचे ग्रंथ 'नांव', 'कांहीं', 'करणें' असे लिहितात. आजचा विद्यार्थी 'नाव', 'काही', 'करणे' असे शोधतो. ह्याहून सूक्ष्म अडचण 'दऱ्या', 'तऱ्हा' ह्यांतील अर्ध्या रकाराची आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारांनी लिहिता येतो: 'ऱ' ह्या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास मात्र ते दोन निरनिराळे शब्द असतात. आपला मजकूर कोणत्या कळफलकाने टंकलिखित झाला ह्यावर एखादा लेख सापडणे-न सापडणे अवलंबून असावे, ही गोष्ट विलक्षण आहे, पण खरी आहे.

आता दुसऱ्या अंगाकडे येतो. आंतरजालावरील एकूण मजकुरात मराठीचा वाटा शेकडा एकाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. इंग्रजीच्या सागरात यंत्रलिखित मजकुराच्या काही घागरी ओतल्या तर चव बदलावयास वेळ लागेल. मराठीच्या तळ्याची गोष्ट तशी नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की आंतरजालावर एकाच वेळी अनेक भाषांत आढळणारा मजकूर मोठ्या प्रमाणावर यंत्रानुवादित, व तोही हलक्या प्रतीचा असतो. अल्प साधनांच्या भाषांत तर एकूण मजकुराचा बराच भाग असाच आहे. त्याच वर्षी 'नेचर' ह्या नियतकालिकात शुमाइलोव्ह व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की प्रतिमानाने लिहिलेल्या मजकुरावर पुढचे प्रतिमान, त्याच्या मजकुरावर त्यापुढचे, असे निर्विवेकपणे शिकवीत गेल्यास आधी विरळ गोष्टी नाहीशा होतात आणि मग सारे लेखन एका सपाट मध्याकडे कोसळते. आधी जाते ते थारोळे. पाणी शेवटपर्यंत राहते. ग्रीनलँडी भाषेतील विकिपीडियाचे उदाहरण बोलके आहे. ती भाषा न जाणणाऱ्यांनी यंत्राच्या साहाय्याने त्यात लेख भरले, आणि अखेर २०२५ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. बोलणारे सुमारे साठ हजारांच्या आत असलेल्या त्या भाषेशी आठ कोटींच्या मराठीची तुलना करणे कोणास अतिशयोक्त वाटेल. परंतु येथे बोलणाऱ्यांची संख्या निर्णायक नाही. यंत्रास वाचता येईल असे, मनुष्याने लिहिलेले किती आहे, हे निर्णायक आहे.

५

एवढे सांगूनही ही साधने वापरूच नयेत असे मी म्हणत नाही. मी स्वतः ती वापरतो. वाचक एखादी गोष्ट कोणकोणत्या शब्दांनी शोधील हे सुचविण्यास ती फार चांगली आहेत. आपण 'बारव' म्हणतो. दुसरा 'पायविहीर' म्हणेल, तिसरा 'पुष्करणी', आणि चौथा रोमन अक्षरांत टंकित करील. ही पर्यायी नावे पृष्ठावर एकदा तरी, योग्य संदर्भात, यावीत. छायाचित्रांची वर्णने, पृष्ठाचा दोन ओळींचा सारांश, मोजमापांच्या टिपणांचे कोष्टक, मुद्रितशोधनाचा पहिला हात, इंग्रजी गोषवाऱ्याचा कच्चा खर्डा, ही कामे यंत्राकडे निःसंकोच द्यावीत. विधान मात्र आपले असावे, आणि पृष्ठावर लेखकाचे नाव, लेखनाची तारीख व यंत्राचे साहाय्य कोठे घेतले ह्याची एक ओळ असावी. लेख कोणी, कसा व कशासाठी लिहिला हे वाचकास कळावे, अशी अपेक्षा गूगलच्या मार्गदर्शनातही आहे.

अलीकडे दृश्यतेचा अर्थच पालटू लागला आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत व ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गूगलने शोधफलांच्या माथ्यावर यंत्ररचित सारांश देण्यास प्रारंभ केला. वाचक सारांश वाचून थांबतो, मूळ पृष्ठापर्यंत येत नाही, ही तक्रार सार्थ आहे. पण अशा सारांशात कोणत्या पृष्ठांचा निर्देश होतो, ह्याविषयी प्रिन्स्टन व अन्य संस्थांतील संशोधकांनी केलेला, २०२४ मध्ये सादर झालेला अभ्यास मनोरंजक आहे. मजकुरात आधारग्रंथांचे निर्देश, अवतरणे व आकडे घातल्याने पृष्ठाची दृश्यता लक्षणीय वाढली. मुख्य शब्दांच्या पुनरुक्तीने काही साधले नाही. प्रबंधलेखनाच्या पहिल्या तासिकेत आपण जे सांगतो त्याहून ह्यात नवे काय आहे, असे एखादा प्राध्यापक विचारील, व त्याचे म्हणणे बरोबर असेल.

विभागांपुरते बोलावयाचे तर लेख नव्याने निर्माण करण्याची निकड मला दिसत नाही. आपल्या अंकांतून, स्मरणिकांतून, अप्रकाशित प्रबंधांतून बारवांवर, बोलींवर, ताम्रपटांवर जे साठलेले आहे, ते बहुतांशी शोधयंत्रास दिसतच नाही. त्याची कारणे तांत्रिक व साधी आहेत. जुने अंक छायाप्रतीच्या रूपात चढविलेले असतात. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने ती चित्रे असतात. त्यानंतरचे अंक युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले असतात. तेथे पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत रोमन चिन्हांची अर्थहीन मालिका असते. ह्या मजकुराचे रूपांतर करता येते, परंतु त्यात विशिष्ट चुका होतात. जुन्या टंकांत पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, अक्षराच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते; रफाराचे ह्याच्या उलट. रूपांतरात हा क्रम चुकला की 'कीर्तिस्तंभ'सारख्या शब्दाचे कडबोळे होते.

ही कडबोळी सोडविण्यास लेखनयंत्र उपयोगी पडते. परंतु तेथेही एक डोळा उघडा ठेवावा लागतो. 'लीळा' असा मूळ पाठ असता त्याने निमूटपणे 'लीला' केल्याचे मी पाहिले आहे. 'सोंदूर' हा मोटेच्या दोरास असलेला शब्द त्यास अपरिचित वाटला तर तो 'सिंदूर' होण्यास वेळ लागत नाही. म्हणून रूपांतरित मजकूर मुळाशी ताडून पाहताना विशेषनामे, ळकारयुक्त शब्द आणि शेतीची, मोटेची व बांधकामाची परिभाषा ह्यांच्या खाली आधी पेन्सिलीने खुणा करून घ्याव्यात, आणि तपासणीस तेथूनच आरंभ करावा.